खड्ड्याचा तळ

पोलिसांत तिला सगळे मातीबाई म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं आणि तिनेही ते कधी मनाला लावून घेतलं नव्हतं. शिक्षणाने ती पुरातत्त्वाची. तरुणपणी हजारो वर्षांपूर्वीच्या चुली आणि मडकी खणून काढायची. मग कधीतरी एका बेपत्ता माणसाच्या शोधासाठी पोलिसांनी तिला बोलावलं आणि ती तिकडचीच झाली. खणायची पद्धत दोन्हीकडे तीच. फरक एवढाच की मडक्यांची वाट बघत कुणी बसलेलं नसतं, आणि इथे खड्ड्याच्या कडेला कुणी ना कुणी बसलेलं असायचंच. त्यांच्या तोंडाकडे बघायचं नाही असा नियम तिने स्वतःला घालून घेतला होता. नियम चांगला होता, पण तो तिला एकदाही पाळता आला नव्हता.

या वेळी दोघं बसली होती. शाळेची बस चालवणारा तिशीचा एक ड्रायव्हर, आणि त्याची मावशी. खणायचं होतं ते ड्रायव्हरच्याच घराच्या परसात, पत्र्याच्या शेडखाली, आणि शोधायची होती ती त्याची आई.

तो सहा वर्षांचा असताना आई नाहीशी झाली होती. ‘तुझी आई आपल्याला सोडून गेली,’ असं बापाने त्याला सांगितलं, तेच शेजाऱ्यांना आणि तेच पोलिसांना. पोलिसांना संशय आला होता. त्यांनी घर उलथंपालथं केलं, बापाला पुन्हा पुन्हा बोलावून खोदून खोदून विचारलं, पण परसात तोवर फरशी घालून शेड उभी राहिली होती; हाती काही लागलं नाही आणि फाइल कपाटात गेली. बापाने एकट्याने पोराला वाढवलं. त्याचे डबे भरले, शाळेचे कपडे इस्त्री केले, तापात उशाशी बसून राहिला. लोक तोंड भरून कौतुक करत. पोरगं मात्र कित्येक वर्षं मनातल्या मनात एकच हिशोब मांडत बसलं, की आपण असं काय केलं होतं म्हणून ती गेली.

आता रस्ता रुंद करायचं निघालं आणि परसाची अर्धी जागा त्यात जाणार असं ठरलं. मशिनं यायच्या आधी म्हातारा बाप कडक इस्त्रीचा शर्ट घालून पोलीस ठाण्यात गेला आणि म्हणाला, मला काही सांगायचंय. त्या रात्री आमचं भांडण झालं. रागाच्या भरात मी तिला ढकललं, तिचं डोकं पायरीवर आपटलं आणि ती उठलीच नाही. मी घाबरलो. पोराचं कसं होणार, एवढंच डोक्यात होतं. त्याच रात्री परसात खड्डा खणला आणि तिला पुरलं.

तिथला कायदा असा होता की रागाच्या भरात हातून गेलेल्या जिवासाठी इतक्या वर्षांनी खटला उभा राहत नसे. ठरवून केलेल्या खुनाला मात्र मुदत नव्हती. म्हाताऱ्याला हे ठाऊक होतं की नाही ते तोच जाणे. पण ठाण्यात येण्याआधी तो वकिलाकडे जाऊन आला होता, हे तपासावरच्या फौजदाराच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

जागा दाखवायला म्हाताऱ्याला जीपमधून आणलं, तेव्हा मातीबाई शेडच्या दाराशी उभी होती. इतक्या वर्षांनी जागा दाखवणारी माणसं सहसा घोटाळतात. झाड कुठे होतं, भिंत कुठे होती, करत गोल गोल फिरतात. म्हातारा थेट आत गेला, फरशीच्या एका कोपऱ्यात उभा राहिला आणि म्हणाला, “इथे. डोकं भिंतीकडे.” मग त्याने खिशातून रुमाल काढला, डोळे टिपले आणि तो पुन्हा चार घड्या घालून खिशात ठेवला. मुलाने धावत जाऊन त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. मावशीने तोंड फिरवलं.

“तुझ्या बापाला रागात मी कधी पाहिलेलंच नाही,” जीप गेल्यावर ती भाच्याला म्हणाली. “माझी बहीण तापट होती. ती भांडी आपटायची. हा आवाजसुद्धा चढवायचा नाही. आणि म्हणे रागाच्या भरात!”

“मावशी, पुरे झालं गं.”

“मी काय खोटं बोलतेय?”

“खोटं नाही. पण पुरे.” ड्रायव्हरने कपाळ चोळलं. “तू एवढी वर्षं त्यांच्याशी बोलली नाहीस. मी त्यांच्याबरोबर जेवलोय. रोज.”

फरशी उखडून झाल्यावर मातीबाई गुडघ्यांवर बसली आणि थापीने जमीन पातळ पातळ खरवडू लागली. हे काम बघणाऱ्याला अगदी कंटाळवाणं. लोकांना वाटतं, कुदळ मारली की सापळा निघतो. तिला कुदळीचा मनापासून राग होता. एकदा खणलेली माती पुन्हा भरली की ती पहिल्यासारखी कधीच बसत नाही. खालचं वर येतं, वरचं खाली जातं, रंग मिसळतात. म्हणून जमीन सपाट खरवडली की जुना खड्डा आपोआप दिसतो, कापडावरच्या ठिगळासारखा. दुपारपर्यंत पिवळट चिकणमातीत एक करडा लांबट चौकोन उमटला. म्हाताऱ्याने सांगितलं होतं बरोबर तिथेच.

ड्रायव्हर उठून जवळ आला. “हेच का?”

“बहुतेक हेच,” मातीबाई म्हणाली.

“मला तुम्हाला एकच विचारायचंय.” तो चवड्यांवर बसला. मोठा, आडव्या अंगाचा माणूस, पण आवाज एकदम लहान झाला होता. “ती गेली हे मी लहानपणीच गिळलंय. ती गेली नव्हती, इथे होती, हेही गिळीन. बाबांच्या हातून रागात झालं म्हणतात. माणसाच्या हातून होतं तसं. मी बस चालवतो, मला माहितीये, एका क्षणात काय होऊ शकतं ते. तेवढं मी माफ करू शकतो. फक्त ते म्हणतात तसंच झालं ना, एवढं मला कळू द्या. नाहीतर मी त्यांच्या हातचं काय काय खाल्लंय...” 

तपासात काय सापडलं ते फौजदाराला सांगायचं, घरच्यांना नाही, हा मात्र तिचा स्वतःचा नव्हे, खात्याचा नियम होता. तो ती पाळत असे. “मी जे असेल ते नीट बघते,” एवढंच ती म्हणाली. हे उत्तर नव्हे हे तिलाही कळत होतं.

पुढचे दिवस ती फक्त तो करडा चौकोन रिकामा करत राहिली. ज्याने खड्डा भरला त्याने जे शेवटी टाकलं ते आधी काढायचं, जे आधी टाकलं ते शेवटी. कडेची पिवळी माती जराही तोडायची नाही. निघालेली माती घमेल्याने बाहेर, चाळणीतून पार, चाळणीत राहील ते पिशवीत. फोटोवाला पोलीस प्रत्येक टप्प्याला फोटो काढायचा आणि अधूनमधून म्हणायचा, “बाई, या वेगाने आपण दोघं इथेच निवृत्त होणार.” ती म्हणायची, “तुम्ही व्हा. मला अजून खूप खणायचंय.” मावशीला याचं हसू यायचं, आणि हसू आलं म्हणून लगेच रडूही यायचं.

हाडं लागली ती गुडघ्यांची आधी. मग मनगटावरची एक पातळ बांगडी. ती बघून मावशी म्हणाली, “तिचीच. माझ्याकडे जोडीची आहे.” आणि भिंतीला टेकून खाली बसली. ड्रायव्हर रडला नाही. तो बराच वेळ वाकून बघत राहिला आणि मग म्हणाला, “केवढीशी होती ती. मला ती फार उंच आठवते.”

कवटीला मागच्या बाजूने चीर होती. पायरीवर पडून अशी चीर पडते, आणि मागून कुणी घाव घातला तरी अशीच पडते. दवाखान्यातला हाडांचा डॉक्टर येऊन बघून गेला, त्यानेही दोन्ही हात वर केले. हाडांकडे सांगायला एवढंच होतं.

सापळा उचलून पेटीत ठेवला तेव्हा सगळ्यांना जरा मोकळा श्वास घेता आला. फौजदाराने टोपी काढली, पुन्हा घातली. तो वाईट माणूस नव्हता, दमलेला होता. “झालं म्हणायचं, बाई. जागा बरोबर, बांगडी बरोबर, जबाबाशी सगळं जुळतंय. मला तो म्हातारा पटत नाही, पण न पटणं काही कोर्टात चालत नाही. आवरा आता.”

ड्रायव्हरने हे ऐकलं. त्याच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं उघड दिसत होतं. “म्हणजे बाबा म्हणाले तसंच,” तो मावशीला म्हणाला. भांडायला तिच्याकडे काही उरलं नव्हतं.

मातीबाईला त्या वेळी उठून हात धुवावेसे वाटले. अगदी मनापासून वाटले. एका माणसाला माफ करण्यापुरती जागा मिळाली होती, ती खरवडून काढायला आपण कोण? पण खड्डा सापळ्याशी संपत नाही. खड्डा तळाशी संपतो, आणि तळ अजून दिसायचा होता. हाडांखालची बोटभर माती बाकी ठेवून उठणं म्हणजे शेवटचं पान न वाचता पुस्तक ठेवण्यासारखं, असं ती शिकवायला जायची तिथे मुलांना सांगायची. मुलं ते परीक्षेत लिहायचीही. आता तिला स्वतःच्या तोंडाला कुलूप घालायची इच्छा झाली.

“संध्याकाळपर्यंत थांबा,” ती फौजदाराला म्हणाली. “तळ साफ करते आणि सोडते.”

ती थापी बाजूला ठेवून ब्रश घेऊन आत उतरली. करडी भरलेली माती सुटी होती, सहज निघत गेली. तिच्याखाली पिवळी चिकणमाती लागायला हवी होती. ती लागली नाही. मध्ये एक पातळ, गुळगुळीत, तांबूस पापुद्रा होता. तिने त्यावरून बोट फिरवलं. असा पापुद्रा तिने जुन्या विहिरींत आणि चरांत शेकडो वेळा पाहिला होता. उघड्या खड्ड्यात पाऊस पडतो, कडेची बारीक माती वाहून तळाशी बसते आणि तिचा असा गाळ होतो. तिने आणखी जागा मोकळी केली. गाळाला भेगा पडल्या होत्या. भेगांच्या कडा वर वळल्या होत्या आणि भेगांच्या आत वरची करडी माती शिरून बसली होती.

तिने फौजदाराला हाक मारली. तो कडेला येऊन वाकला.

“हा गाळ बघा. पावसाचा आहे. आणि ह्या भेगा वाळल्यामुळे पडल्यात.”

“नंतर पाणी झिरपलं असेल की. वर शेड असली म्हणून काय झालं?”

“झिरपलेलं पाणी अशा भेगा पाडत नाही. त्याला ऊन लागतं, वारा लागतो. वर माणूस आणि दोन हात माती असताना खालचा चिखल वाळून तडकणार कसा?” तिने आवाज खाली आणला. “हा खड्डा उघडा होता, साहेब. त्यात पाऊस पडला, चिखल झाला, मग कितीतरी दिवस उन्हात वाळला. त्यानंतर तिला त्यात ठेवलं.”

फौजदार कडेला उकिडवा बसला. एका रात्रीत घाबरून खणलेला खड्डा उन्हात वाळत पडत नाही, हे त्याला समजावून सांगायची गरज नव्हती. म्हाताऱ्याने सगळा विचार केला होता. जागा, वकील, शर्ट, रुमाल. पाऊस तेवढा त्याच्या लक्षात आला नव्हता. तो उघड्या खड्ड्यात पडून गेला, ऊन पडलं, आणि म्हाताऱ्याने वर माती लोटताना तळाशी काय लिहून ठेवलंय ते बघितलं नाही.

“पण बचावाचा वकील म्हणेल, खड्डा आधीचाच होता, दुसऱ्याच कामाचा,” फौजदार शेवटी म्हणाला. “किंवा म्हणेल, ही बाई मातीला बोलायला लावते. उघडा खड्डा कुणी डोळ्यांनी बघितलेला असता तर गोष्ट वेगळी होती.”

 जिथे गुडघ्यांची हाडं होती तिथला शेवटचा कोपरा मातीबाई साफ करत होती, आणि तिचा हात थांबला होता.

गाळात एक पाऊल होतं. अनवाणी, लहान मुलाचं. पाचही बोटं पसरलेली, टाच किंचित घसरलेली, आणि पुढे चवड्याचा दुसरा अर्धा ठसा, कुणी वरून ओढून घ्यावं तसा. भेग पावलाच्या मधून गेली होती. म्हणजे पाऊल ओल्या चिखलात पडलं होतं आणि मग चिखलाबरोबर वाळलं होतं.

फोटो काढले. ठशावर प्लास्टर ओतून साचा घेतला.  फोटोवाल्यालाही त्या दिवशी विनोद सुचला नाही.

मग फौजदार ड्रायव्हरकडे गेला. “त्या वेळी या घरात तुझ्याशिवाय दुसरं लहान मूल होतं? शेजारचं, नात्यातलं, येणारं जाणारं?”

“नाही. बाबांना घरात कुणी आलेलं आवडायचं नाही. का?”

“बाई, दाखवा त्याला,” फौजदार म्हणाला.

मातीबाईने इतक्या वर्षांत कुठल्याही नातेवाइकाला खड्ड्यात काय आहे ते बोलावून दाखवलं नव्हतं. तिने त्याला कडेला गुडघ्यांवर बसवलं आणि दिवा खाली धरला. आपल्याकडून काही सुचवलं जाऊ नये म्हणून ती गप्प राहिली. मावशीही येऊन मागे उभी राहिली.

तो बराच वेळ बघत होता. आधी त्याला कळलंच नाही. मग त्याचा चेहरा असा बदलला की मातीबाईने दिव्याकडे नजर वळवली.

“लिंबाचं झाड,” तो म्हणाला.

मातीबाईने दिवा तसाच धरून ठेवला.

“लिंबाचं झाड लावायचं होतं. आईला हवं होतं, स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसेल असं. तेव्हा इथे शेड नव्हती, खिडकी या बाजूला होती. तिनेच जागा दाखवली. बाबांनी खणलं.” तो थांबून थांबून बोलत होता. “पाऊस पडून गेला होता. बाबा म्हणाले, उतर बघू, डोकं कुठवर येतं ते बघू. त्यांनी मला काखेत धरून खाली सोडलं. मला फार मजा वाटली. मी उड्या मारायच्या बेतात होतो. आई आतून धावत आली. पोराला चिखलात काय उतरवता म्हणून ओरडली, पण हसत होती. तिने मला हाताला धरून वर ओढलं. तिच्या साडीला माझ्या पायांचा चिखल लागला. आणि बाबा खड्ड्याकडे बघून म्हणाले, पुरे आहे.”

त्याने तोंडावर हात ठेवला. मग हात काढला.

“आम्ही तिघं एकत्र हसतोय अशी माझ्याकडे एवढी एकच आठवण आहे. ती गेल्यावर मी रात्री झोप येईना की हीच आठवण काढायचो. झाड लागलंच नाही कधी. मी विचारलंसुद्धा नाही. रोपाला माणूसभर लांब खड्डा कशाला, हेही नाही.”

मावशीचा हुंदका फुटला. चोवीस वर्षं तिने या एका क्षणाची वाट बघितली होती, त्या माणसाला खोटं पाडणारा कुणी भेटावा म्हणून. आता तो भेटला होता आणि तो तिच्या बहिणीचा पोरगा होता. ती खाली बसली आणि तिने त्याचं डोकं स्वतःकडे ओढून घेतलं.

“हे सांगता येईल का तुला? कोर्टात?” फौजदाराने विचारलं. त्याचा आवाज आता साहेबाचा राहिला नव्हता. “ते समोर बसलेले असतील. तुझ्या तोंडाकडे बघत असतील. आणि तुझ्या जबाबावर त्यांचं उरलेलं आयुष्य आत जाईल.”

“नको, बाळा,” मावशीच म्हणाली. “नाही जमलं तर नको सांगूस. मी आयुष्यभर त्याला शिव्या घातल्या, पण वाढवलं तुला त्याने. नको सांगूस. तुझ्या आईलासुद्धा चालेल ते.”

मातीबाई खड्ड्यात उभी होती. तिला वाटलं, आपण सांगावं याला, की माती सांगेल, तू राहू दे. पण ते खरं नव्हतं. मातीचं सांगून झालं होतं. पुढचं बोलायला माणूसच हवा होता.

ड्रायव्हरने मावशीचे हात हळूच सोडवले.

“मावशी, ती मला बाहेर काढायला धावत आली होती,” तो म्हणाला. “तिला बाहेर काढायला दुसरं कोण आहे?”

तो उठला, गुडघ्यांची माती न झटकताच फौजदारासमोरच्या स्टुलावर जाऊन बसला आणि म्हणाला, “लिहून घ्या.” मग त्याने पावसाच्या दिवसापासून सांगायला सुरुवात केली.